हिंदुरावांच्या फायली

अण्णांची वामकुक्षी चालू होती. आमच्या घरात त्या वेळात भूकंप झाला तरी त्यांना उठवायची पद्धत नाही. हा धडा मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शिकले होते. म्हणून मी त्यांना उठवलं नाही. नाहीतर एकच प्रश्न विचारायचा होता, "अण्णा, या फायली कसल्या आहेत हो?" एवढ्यानं पुढचं सगळं टळलं असतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, अनंतराव. पौडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर इतर लोक हास्यक्लबात जातात, यांनी डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवायचा क्लास लावला. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत त्यांचा जुना कॉम्प्युटर असतो आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नसते. नातेवाइकांत कुणी टायपिंगची चूक दाखवली तर "तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय का बघा," म्हणणारा माणूस हा.

त्या वर्षी त्यांच्या जुन्या विंडोजची मुदत संपली. गणपती उठले तोवर ते मशीन इतकं रखडायला लागलं, की बटण दाबून अण्णा चहा करून, पिऊन, कप विसळून यायचे, तरी पडद्यावर स्वागतच चाललेलं असायचं. माझा नवरा आमोद म्हणाला, नवीन घेऊ. झालं, मला चेव आला.

"नवीन कशाला? विंडोज काढून लिनक्स टाकते त्याच्यावर. पळेल बघ."

"तुला येतं अजून?" आमोदनं विचारलं. बस, ते मला झोंबलं. लग्नाआधी लॉ कॉलेज रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मी दिवसभर लिनक्सवरच असायचे. महिन्यातून एका शनिवारी पुण्यातल्या लिनक्सवाल्यांची बैठक भरायची, तिथे मी जायचे, भांडायचे, लोकांना लिनक्सच्या सीडी करून द्यायचे. मग हिंजवडी झाली, मी मॅनेजर झाले आणि माझ्या हाताला एक्सेल आणि मीटिंग यांखेरीज काही लागेनासं झालं. पण तुला येतं का, असं नवऱ्यानं विचारल्यावर कोणती बाई नाही म्हणेल?

अण्णांनी मला एवढंच विचारलं होतं, "त्यात माझं काही जाणार नाही ना?"

"अण्णा, मी आहे ना."

हे मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

शनिवारी दुपारी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, अण्णांचे फोटो, पेन्शनची कागदपत्रं, 'माय डॉक्युमेंट्स'मधलं सगळं बाजूला काढून घेतलं. त्यांचं लिखाणही त्यातच असणार असं मी धरून चालले. डिस्कच्या दुसऱ्या भागात आणखी एक फोल्डर होता. फायलींना नावं नाहीत, नुसते आकडे. उघडून बघितलं तर आत सगळा कचरा. डोक्यावर टिंबं आणि शेपट्या फुटलेली इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलर, मधेच रिकामे चौकोन. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. म्हटलं, व्हायरसनं खाल्लंय. ऑफिसातल्या कॉम्प्युटर सिक्युरिटीवाल्याला गंमत दाखवायला त्यातली एक फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि डिस्क साफ करायला लावली. तासाभरात नवंकोरं लिनक्स चालू झालं. मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू!

अण्णा उठले, खुर्चीत बसले, माऊस इकडेतिकडे फिरवला. "हिंदुराव कुठे आहे?"

"हिंदुराव? कॉम्प्युटरात?"

"हिंदुरावचं काम. आकडे घातलेल्या फायली होत्या."

"अण्णा, त्या तर खराब झाल्या होत्या. आतून पार सडलेल्या. मी बघितल्या ना उघडून."

माझ्या आवाजात तेव्हा काही खोट नव्हती. मला खरंच तसं वाटत होतं. मला वाटलं, आता हे एखादं खोचक बोलतील. पण ते पडद्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "परवापर्यंत तर चांगल्या होत्या. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल."

आता हिंदुराव कोण ते सांगते. एसटीचे ड्रायव्हर. अण्णा वर्षानुवर्षं त्यांच्याच गाडीनं पौडला शाळेत गेले, ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या सीटवर बसून, त्यातून ही मैत्री. निवृत्तीनंतर हिंदुराव कर्वेनगरला मुलाकडे राहायला आले आणि अण्णा रोज सकाळी चालत त्यांच्याकडे जायला लागले. हिंदुराव आपलं आयुष्य सांगायचे, अण्णा उतरवून घ्यायचे, घरी येऊन टाइप करायचे आणि हातचा कागद रद्दीत टाकायचे. एका गोष्टीच्या दोन प्रती कशाला, हे त्यांचं म्हणणं.

मग हिंदुरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पण सांगून बहुतेक झालं होतं, तपासायचं राहिलं होतं. तेव्हा दोघांनी एक युक्ती काढली. अण्णा छापलेलं प्रकरण वाचून दाखवायचे आणि हिंदुराव डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर ठोकायचे. एसटीत कंडक्टर घंटी मारतो तसं. एकदा ठोकलं की थांब, चुकलं. दोनदा ठोकलं की डबल बेल, चला पुढे. दुरुस्ती झाली की तोही कागद रद्दीत. दिवाळीनंतर पुस्तक छापायचं ठरलं होतं.

म्हणजे बोलू न शकणाऱ्या माणसाचं सगळं बोलणं त्या आकड्यांच्या फायलींत होतं. आणि मी त्याला कचरा म्हणाले होते.

अर्थात मी काय करून बसले होते हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मला वाईट वाटलं ते व्हायरसबद्दल. रविवारी मी ठरवलं की पेन ड्राइव्हवर उरलेल्या त्या एका फाईलवरून काही दुरुस्त होतंय का बघू. मदत शोधायला बसले आणि लक्षात आलं, आपण आपल्याच जुन्या गल्लीत आलोय पण एकही घर ओळखीचं राहिलेलं नाही. पूर्वी अडलं की आज्ञेच्या आधी 'मॅन' लिहून मॅन्युअलचं पान वाचायचं, नाहीतर कुणीतरी मन लावून लिहिलेली लांबलचक टिपणं असायची. आता ती टिपणं उघडली तर वर ठळक सूचना, हे पान जुनं झालं आहे. नवं कुठे आहे? ते काही लिहिलेलं नाही. एका व्हिडिओत एक मुलगा अर्धा वेळ चॅनेलला सबस्क्राइब करा म्हणून सांगत होता. एका फोरमवर अगदी माझाच प्रश्न सापडला. खाली पानंच्या पानं चर्चा, आणि शेवटी विचारणाऱ्यानं लिहिलेलं, 'सुटलं, धन्यवाद.' अरे गाढवा, कसं सुटलं ते सांग की! दुसरीकडे एकाला उत्तर मिळालं होतं, 'आधी शोधून बघा.' मी शोधलं, तर शोधात पहिलं पान आलं ते हेच.

शेवटी पुण्यातल्या त्या जुन्या लिनक्सवाल्यांची मेलिंग लिस्ट आठवली. ती जिवंत होती. मी लिहिलं, जुन्या मशीनवर अशा अशा फायली व्हायरसनं खराब झाल्या आहेत, दुरुस्तीचा काही मार्ग आहे का?

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. महिपती नावाच्या कुणा गृहस्थांचं.

'मॅडम, फायली खराब आहेत हे कुणी ठरवलं? तुम्ही की कॉम्प्युटरनं? एक ओळ इथे चिकटवा.'

मला राग आला. पण गरजवंताला अक्कल नसते. पेन ड्राइव्हवरच्या फाईलमधल्या ओळी चिकटवल्या. डबा संपायच्या आत उत्तर आलं. वर माझ्या त्या शेपट्यावाल्या ओळी होत्या आणि खाली,

'गाडी घाटात बंद पडली तवा बाप्ये खाली उतरले, बाया बसूनच ऱ्हायल्या. बायास्नी ढकला म्हनून कोन सांगनार? म्या तर न्हाई सांगितलं.'

त्याखाली लिहिलं होतं, 'यात खराब काय आहे? जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आहे. कॉम्प्युटरच्या लेखी ही अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. तुमच्याकडे फॉन्ट नाही म्हणून चेहरा गेला. बाकीच्या फायली जपून ठेवा.'

बाकीच्या फायली जपून ठेवा.

मी कँटीनमध्ये डोळे मिटून बसले. युनिकोड येऊन सगळ्या मशीनवर मराठी सारखं दिसायला लागलं, त्याच्या आधी ते कसं असायचं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच काळात कॉम्प्युटर शिकले. आमच्या लग्नाची पत्रिका अशाच फॉन्टमध्ये झाली होती आणि दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर असाच कचरा दिसला म्हणून आम्ही हसलो होतो. हिंजवडीत राहून मी ते विसरले. विसरलं होतं कोण? मी. आणि घरात विसरभोळं कोण ठरत होतं?

मी महिपतींना खरं काय ते लिहिलं. उत्तर आलं, 'मशीन चालू असेल तर बंद करा. नीट बंद करत बसू नका, तार काढा. त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये.' पुढे कोणतं सॉफ्टवेअर, कसं चालवायचं, दुसऱ्या डिस्कवर कसं उतरवायचं, अक्षरं युनिकोडमध्ये कशी फिरवायची, हे सगळं त्यांनी बसून लिहिलं होतं. शेवटी होतं, 'काही येईल, काही गेलं ते गेलं. जे येईल त्याला नाव किंवा आकडा नसेल. क्रम ज्यानं लिहिलं त्यालाच विचारून लावावा लागेल. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. आणि काम झाल्यावर नुसतं सुटलं, धन्यवाद असं लिहू नये. त्यांना मी पुन्हा उत्तर देत नाही.'

घरी फोन करून मी अण्णांना तार काढायला लावली. का, ते सांगितलं नाही. "थोडी दुरुस्ती आहे," एवढंच मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. नुसतं बरं. एरवी "वीज मंडळाचा माणूस येऊन काढेल का मी काढू?" असं काहीतरी आलं असतं.

तिथेच मला सांगून टाकता आलं असतं. पण माझं मन मोठं हुशार. ते म्हणालं, आधी फायली परत येऊ देत, मग सांगू, रिकाम्या हातानं कसं सांगायचं? पहिल्या सुट्टीत डिस्क खोदली, भाराभर तुकडे निघाले. मग मन म्हणालं, आधी हे मराठीत फिरव. ते फिरवलं. मग म्हणालं, आधी सगळं आलंय का बघ. मला स्वतःची लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणूनच मी आणखी गप्प बसत होते.

इकडे अण्णा खचत चालले होते. गॅस बंद आहे ना, हे दोनदा येऊन बघायचे. एटीएमचं कार्ड त्यांनी आपणहून आमोदच्या हातात दिलं, "तुझ्याकडेच असू दे, माझा भरवसा नाही." पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन फिरवायचं थांबलं. आमोदला जुनं जुनं काहीबाही आठवायला लागलं. अण्णांनी मागे चष्म्याचं घर फ्रिजमध्ये ठेवलं होतं, एका लग्नात कुणाचं नाव चुकवलं होतं. चष्म्याचं घर मीसुद्धा कुठेही ठेवते. पण आता त्या प्रत्येक गोष्टीला वेगळाच रंग चढला होता.

आणि सकाळचं कर्वेनगरला जाणं बंद झालं. मी विचारलं तर म्हणाले, "हिंदुरावला सांगून टाकलं. माझ्या हातून पुसलं गेलं म्हटलं. त्याला अंधारात ठेवणं बरं नव्हे."

"मग?"

"एकदा ठोकलं त्यानं. मी वाट बघितली. पुन्हा काही ठोकलं नाही. मग उठून आलो."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. तरी बाहेर येऊन बोलले नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली, वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, या माणसाला कळलं तर हा हात काढून घेईल.

आमोदनं डेक्कनजवळच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. स्मरणशक्तीची तपासणी. मी कशीबशी म्हणाले, "अरे, कशाला एवढ्यात?" तर म्हणाला, "हेमा, इतक्या वर्षांचं काम त्यांनी पुसलं आणि त्यांना ते आठवतही नाहीये. अजून कशाची वाट बघायची?"

डॉक्टर तरुण होते, बोलायला सौम्य. अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. मी आणि आमोद मागच्या खुर्च्यांवर. माझ्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी होती. त्यात हिंदुरावांचं जेवढं परत आलं तेवढं सगळं होतं, आणि मी ते घेऊन कशासाठी आले होते मलाच माहीत नाही.

"आज वार कोणता, काका?"

महिन्याभरापूर्वीचे अण्णा म्हणाले असते, "दवाखान्यात कॅलेंडर परवडत नाही का?" आत्ताचे अण्णा म्हणाले, "गुरुवार," आणि मागे वळून आमोदकडे बघितलं. बरोबर आहे का, असं. शाळेतल्या पोरासारखं.

महिना, ऋतू, आपण कोणत्या मजल्यावर आहोत. शंभरातून सात वजा करत जा. तीन शब्द सांगितले, मग परत विचारले. अण्णांनी सगळं बरोबर सांगितलं, पण प्रत्येक उत्तरानंतर मान वळायची. शेवटी डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला. "आता एक पूर्ण वाक्य लिहा. मनात येईल ते."

अण्णांनी खिशातलं आपलं पेन काढलं. फळ्यावर लिहायचे तसं सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं. डॉक्टरांनी कागद उचलून मोठ्यानं वाचला. "हिंदुरावचे आयुष्य माझ्या हातून पुसले गेले." मग ते अण्णांकडे बघून हसले. "छान. वाक्य पूर्ण आहे, बरोबर आहे."

"चूक आहे," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "डॉक्टर, ते वाक्य चूक आहे. त्यांच्या हातून काही गेलं नाही. मी पुसलं. फायली चांगल्या होत्या, मला वाचता आल्या नाहीत, मी न विचारता डिस्क साफ केली आणि... आणि त्यांना वाटू दिलं."

आमोद उठून उभाच राहिला. "हेमा!"

अण्णांनी पेनला टोपण लावलं. पेन खिशाला अडकवलं. मागे न वळता विचारलं, "कधी कळलं तुला?"

"ऑफिसात एकाचं उत्तर आलं तेव्हा. मी फोन करून तुम्हाला तार काढायला लावली ना, त्या दिवशी."

"म्हणजे दसऱ्याला माहीत होतं."

"हो."

"सोनं दिलंस तेव्हा."

"हो, अण्णा."

डॉक्टरांनी कागद घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाले, स्मरणशक्तीत मला काही वावगं दिसत नाही, चिंता करू नका. त्यांनी हे सांगायची गरज नव्हती. मला आधीपासून माहीत होतं.

गाडीत आमोद मला बोलायला लागला. बोलला ते खरंच होतं, मी ऐकून घेत होते. अण्णाच म्हणाले, "ओरडू नकोस, सिग्नल बघ." मग नळस्टॉप गेल्यावर म्हणाले, "कर्वेनगरला घे."

हिंदुरावांच्या इमारतीखाली गाडी थांबली. अण्णा उतरले, फाटकाशी उभे राहिले. "मला सांगून झालं. आता त्याला सांग. मी वर येणार नाही. त्यानं मला थांब म्हटलंय."

मी एकटी जिना चढले. दार हिंदुरावांच्या सुनेनं, श्यामलानं उघडलं. हिंदुराव खिडकीशी खुर्चीत होते, मांडीवर शाल. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. अण्णा झोपले होते ते, मी कचरा म्हणाले ते, मी गप्प बसले ते. "मास्तरांचा काही दोष नाही, काका. त्यांना तसं वाटू दिलं मी."

त्यांनी माझ्याकडे इतकं रोखून बघितलं की मी खाली बघितलं. डावा हात उचलला. दांड्यावर एकदा ठोकलं.

मी थांबले. श्यामला दारात उभी होती, तीही हलली नाही. मग हिंदुरावांनी हातानं गॅलरीकडे दाखवलं, खाली, रस्त्याकडे. तिथे कोण उभं आहे हे त्यांनी केव्हाच बघितलं होतं. आणि दांड्यावर ठोकलं. दोनदा.

मी गॅलरीत धावले. "अण्णा! डबल बेल!"

ते वर आले तेव्हा धापा टाकत होते. मागून आमोद आला. माझ्याकडे न बघता अण्णा हिंदुरावांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मग अण्णा म्हणाले, "काय आणलंयस ते वाच."

मी लॅपटॉप उघडला. नाव नसलेले तुकडे, कुठूनही कसेही. पहिला उघडला आणि वाचायला लागले. हिंदुरावांनी एकदा ठोकलं.

"ते नंतरचं," अण्णा म्हणाले. "त्याच्या आधी भरतीची परीक्षा. मग महाडचा डेपो. मग ते लग्नाचं वऱ्हाड, ज्यात बाया उतरल्या नाहीत."

दोन ठोके पडले. मी भरतीची परीक्षा शोधली, ती होती. महाडचा डेपो अर्धा होता. अण्णा एकेक सांगत गेले, पाठ असल्यासारखं, आणि आमोद भिंतीला टेकून वडिलांकडे बघत राहिला. श्यामलानं चहा ठेवला. तो तसाच निवला.

"आता सर्जेराव," अण्णा म्हणाले.

मी शोधलं. वरपासून खालपर्यंत, पुन्हा खालपासून वर. सर्जेराव हे हिंदुरावांचे कंडक्टर, एवढंच मला माहीत होतं. ते प्रकरण आलं नव्हतं.

"नाही आलं, अण्णा."

हिंदुरावांचा हात दांड्यावर तसाच राहिला. अण्णांनी मला हळू आवाजात सांगितलं. वरंधा घाटात गाडी बंद पडली, चाकामागे दगड लावायला सर्जेराव खाली उतरले आणि ब्रेकवरचा पाय हिंदुरावांचा होता. गाडी मागे आली, सर्जेरावांवर. हे हिंदुरावांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा अण्णांना सांगितलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाचा गेली.

मला वाटलं, या खोलीत आता मला श्वास घ्यायचा अधिकार नाही.

"शब्दनशब्द पाहिजे ते," अण्णा म्हणाले. मग थांबले. त्यांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर घासले, आणि अशा आवाजात विचारलं जो त्यांचा कधीच नव्हता. "आठवेल का मला?"

हे त्यांनी मला विचारलं नाही, आमोदलाही नाही. हिंदुरावांकडे बघून विचारलं. हा प्रश्न त्यांच्या तोंडात मी घातला होता. महिनाभर रोज थोडा थोडा.

हिंदुरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी डावा हात उचलला आणि दोनदा ठोकलं.

अण्णांनी डोळे मिटले. मग ते बोलायला लागले आणि तो आवाज पौडच्या मास्तरांचा नव्हता. "सर्जेराव खाली उतरला. म्हनला, हिंदू, पाय दाबून धर..."

दोन ठोके.

मी कोरी फाईल उघडली. पहिलाच शब्द चुकला. अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा.

"टाइप कर," ते म्हणाले. "आणि हो, मधेच कचरा वाटला, तर पुसायच्या आधी विचार. मी झोपलेला नाहीये."